एका बाकड्याची निविदा

सकाळचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी माणसं पुण्यात अजून आहेत. ती निधनवार्ता वाचतात, वाचकांची पत्रं वाचतात, नावात बदलाच्या जाहिरातीसुद्धा वाचतात. महापालिकेची निविदा सूचना मात्र कुणी वाचत नाही. ज्यांच्यासाठी ती छापलेली असते त्यांना ती आधीच ठाऊक असते आणि बाकीच्यांना तिचा टाइप दिसत नाही.

वाचायचीच झाली तर ती खालून वर वाचावी. सगळ्यांत तळाशी लिहिलेलं असतं की कोणतीही निविदा कोणतंही कारण न देता नाकारण्याचा अधिकार मा. महापालिका आयुक्तांनी राखून ठेवला आहे. इतकी अस्सल पुणेरी पाटी सदाशिव पेठेतल्या एकाही दुकानदाराला सुचलेली नाही. शिवाय बाकी पाट्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला ऐकवलेल्या असतात. गिऱ्हाइकानं दुकानदाराला ऐकवलेली ही गावातली एकमेव पाटी.

त्याच्या वर मुदत, बयाणा रक्कम, अंदाजित रक्कम, आणि सगळ्यांत वर कामाचं नाव. ते साधारण असं असतं : ‘प्रभाग क्र. अमुक मध्ये ठिकठिकाणी आवश्यकतेनुसार बाकडी बसविणे व अनुषंगिक कामे करणे.’ ठिकाण कुठलं, आवश्यकता कुणाला आणि अनुषंग कसला, हे विचारणारा माणूस एकतर पत्रकार असतो किंवा ज्याला काम मिळालं नाही असा ठेकेदार.

महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटी रुपयांचं होतं. ‘एवढा पैसा जातो कुठे?’ असं आपण बाकड्यावर बसून विचारतो. तो जातो तरी कसा, हे खरं कोडं आहे. कारण महापालिकेत एक रुपया खर्च करायचा तर त्याच्यामागे इतके कागद लागतात की रुपयानंच कंटाळून घरी परत जावं. म्हणून उदाहरण छोटंच घेऊ. आपण बसलो आहोत तेच बाकडं.

कोपऱ्यावरच्या वडाखाली ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी उभी असतात. एक बाकडं मिळावं असं त्यांना वाटतं. ती नगरसेवकाकडे जातात. पुण्यातले पत्रकार नगरसेवकांना ‘माननीय’ म्हणतात आणि तो शब्द कसा उच्चारायचा हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. माननीय खूश होतात, कारण बाकडं ही फार गुणी वस्तू आहे. ड्रेनेजची लाइन जमिनीखाली जाते, तिच्यावर नाव घालता येत नाही. बाकड्याच्या पाठीवर ‘यांच्या संकल्पनेतून’ असं ठळक लिहिता येतं. माणसानं बसावं ही संकल्पना उत्क्रांतीत बरीच आधी येऊन गेली, पण आमच्या प्रभागात ती माननीयांना सुचली. बाकड्याखालोखाल मान कापडी पिशव्यांचा आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्यांचा. काही घरांत इतक्या बादल्या जमल्या की त्या ठेवायला वेगळी जागा लागली.

आता कनिष्ठ अभियंता पूर्वगणनपत्रक करायला बसतो. म्हणजे एस्टिमेट. दर मनानं लावायचा नसतो, सरकारी दरसूचीतून घ्यायचा असतो. बाकडं दरसूचीत असेल तर ठीक. नसेल तर बाजारातून तीन दरपत्रकं मागवायची. ती कोण देणार? ज्यांना बाकडी विकायची आहेत तेच देणार. म्हणजे गिऱ्हाईक आधी दुकानदाराला विचारतं, ‘ही वस्तू केवढ्याला असावी असं तुम्हाला वाटतं?’ मग तो आकडा सहीशिक्क्यानिशी आपला म्हणून लिहितं, आणि नंतर त्याच दुकानदाराला स्पर्धेला बोलावतं. तुळशीबागेत चाळीस वर्षं घासाघीस केलेल्या एखाद्या काकूंना हा प्रकार समजावून सांगून पाहा. त्या तुम्हाला पाणी देतील आणि बसायला सांगतील.

पुढे पूर्वगणनपत्रक समिती, मग तरतूद. तरतूद नसेल तर वर्गीकरण, म्हणजे एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं. वर्गीकरणाचे प्रस्ताव पुण्यात बारमाही असतात. अर्थसंकल्पात उद्यानाला जे मिळतं ते पुढे रस्त्याला लागतं, रस्त्याचं कमानीला लागतं, आणि उद्यानाला मग दुसऱ्या कुणाचं तरी लागतं. वर्षअखेरीला प्रत्येक खात्याकडे दुसऱ्याचे पैसे असतात. एकत्र कुटुंबात यापेक्षा वेगळं काही चालत नाही, म्हणून लेखापरीक्षक सोडून कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मग निविदा. राज्य सरकारच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदीच्या नियमपुस्तिकेनं तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदेचा रस्ता दाखवला. पाकिटं संगणकावर आली. त्याआधी ती खरोखरची पाकिटं असत, लाख लावलेली, पेटीत टाकलेली. आणि ती टाकायला आलेल्या माणसाला पेटीपर्यंत पोचू द्यायचं की नाही हे काही ठिकाणी पेटीभोवती उभी असलेली मंडळी ठरवत. आता गर्दी नाही. आता शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नाही.

पाकिटं दोन. ‘अ’ पाकिटात तुम्ही कोण आहात ते आणि ‘ब’ पाकिटात तुम्ही केवढ्याला आहात ते. ‘अ’ मध्ये पास झालात तरच ‘ब’ उघडतं. त्यामुळे खरी कुस्ती ‘अ’ पाकिटात होते. तिथे अनुभवाची अट असते : गेल्या काही वर्षांत असंच काम केल्याचा दाखला. अट चांगलीच आहे, प्रश्न ‘असंच’ म्हणजे किती असंच हा आहे. बाकडं केलं असेल तर चालेल, की स्टेनलेस स्टीलचं, तीन माणसांचं, पाठ असलेलं आणि तेही महापालिकेसाठीच केलेलं हवं? अट जसजशी नेमकी होत जाते तसतसा तिच्यात बसणारा माणूस ओळखीचा वाटू लागतो. शिंपी माप घेतो तेव्हा गिऱ्हाईक समोर उभंच असतं.

निविदा किमान तीन हव्यात. दोनच आल्या तर मुदतवाढ. तीन हा आकडा स्पर्धेसाठी ठेवला आहे, आणि स्पर्धा म्हटली की ठेकेदार ती स्वतःबरोबर घेऊन येतात. एकाचा दर अंदाजापेक्षा एक टक्का कमी, दुसऱ्याचा दोन टक्के जास्त, तिसऱ्याचा तीन टक्के जास्त. या गुण्यागोविंदाला महापालिकेच्या बोलीत ‘रिंग’ म्हणतात. रिंग झाली नाही तर उलटी गंमत होते. मग दर ‘बिलो’ जातात. एक कोटीच्या रस्त्याला कुणी तीस टक्के बिलो भरतो. आता एकतर एक कोटीचा अंदाज चुकला असणार, नाहीतर होणारा रस्ता तरी. महापालिका दोन्ही बरोबर धरते, जादा अनामत घेते आणि सही करते.

यानंतर प्रस्ताव स्थायी समितीपुढे. सोळा सभासदांची ही समिती. मुख्य सभेत भाषणं होतात आणि स्थायीत कामं होतात, असं जाणकार सांगतात. टक्केवारीबद्दलही ते काही सांगतात, पण ते ऐकलेलं असतं, पाहिलेलं कुणीच नसतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही, आणि आयुक्तच प्रशासक झाले. स्थायीचे अधिकार त्यांच्याकडे आले, मुख्य सभेचेही आले. मग आयुक्तांनी पाठवलेला प्रस्ताव प्रशासकांपुढे यायचा आणि ते त्यावर विचार करायचे. दोघांत कडाक्याचं भांडण झाल्याचं काही कानावर आलं नाही.

मंजुरीनंतर करारनामा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, त्रयस्थ तपासणी, बिल. बाकडं एके दिवशी खरंच येतं. तोवर वड रस्तारुंदीत गेलेला असतो आणि बाकडं मागणारे आजोबा मुलाकडे वाकडला. पण ‘ठिकठिकाणी’ म्हटलेलं असल्यामुळे अडचण येत नाही. बाकडं भर उन्हात कचराकुंडीकडे तोंड करून बसवलं जातं. मोजमाप पुस्तिकेत त्याची लांबी, रुंदी, उंची बरोबर असते. तोंड कुणीकडे असावं, असा रकाना तिच्यात नाही.

एवढं सगळं सांभाळून करणाऱ्या या संस्थेला घाई म्हणजे काय हे माहीत नसेल असं वाटेल. तसं नाही. कालनिर्णयमध्ये अनंत चतुर्दशी वर्षभर आधी छापून येते. घरच्या घरी मूर्ती विरघळवायला महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते, ही कल्पना २०१६ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीनं आली आणि चांगली होती. २०२० च्या कोविडच्या गणपतीत फिरते विसर्जन हौद रस्त्यावर आले. गणपती येणार, तो जाणार, त्याला पावडर लागणार, हौद लागणार, हे सगळं ठाऊक असतं. तरी श्रावण लागला की निविदा निघते ती अल्पमुदतीची. पावसाळा दरवर्षी जूनमध्ये येऊन महापालिकेला चकित करतो. पालखी ज्येष्ठात येते आणि तिच्या मार्गावरचे खड्डे आदल्या आठवड्यात सापडतात. शाळा जूनमध्ये उघडते, आणि पालिकेच्या शाळेतल्या पोरांनी गणवेशाची वाट स्वातंत्र्यदिनापर्यंत पाहिल्याच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्या.

घाईसाठी कायद्यात सोय आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं पुण्यात काही मंडळींना रामरक्षेसारखी पाठ असतात. ‘पाच-दोन-दोन’ म्हणजे निविदा न मागवता थेट काम. ‘सदुसष्ट-तीन-क’ म्हणजे आणीबाणी, आयुक्तांनी आधी खर्च करायचा आणि मग सांगायचं. ‘बहात्तर-ब’ म्हणजे या वर्षी काम काढायचं आणि पुढच्या काही वर्षांच्या अर्थसंकल्पांनी ते फेडायचं. कोविडमध्ये ‘सदुसष्ट-तीन-क’ लागलं, ते लागणारच होतं. साथ काही निविदेची मुदत पाळत नाही. पण एरवीही या कलमांच्या वाटेवर वर्दळ असते. हमरस्त्यावर इतके स्पीडब्रेकर घातले की लोक गल्लीतून जायला लागतात, हे पुणेकराला कुणी सांगायला नको.

मोठ्या कामांची तऱ्हा आणखी मोठी. चोवीस तास समान पाणीपुरवठ्यासाठी महापालिकेनं जून २०१७ मध्ये दोनशे कोटींचे रोखे काढले. ७.५९ टक्के व्याज, मुंबई शेअर बाजारात समारंभ, देशभर कौतुक. त्याच वर्षी त्या योजनेच्या निविदा अंदाजापेक्षा चढ्या दरानं आल्या म्हणून गदारोळ झाला, त्या रद्द झाल्या आणि फेरनिविदा निघाली. फेरनिविदा काढली हे योग्यच झालं. व्याजाला मात्र फेरनिविदा लागत नाही, ते मुकाट चालू राहतं. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेशी कर्जाचा करार २०१६ मध्ये झाला. निविदा काढणं, दर चढे म्हणून रद्द करणं, पुन्हा काढणं यात २०२२ उजाडलं. नदी तोवर वाहत होती. तिला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

या साऱ्याचं सार ज्याला पाहायचं असेल त्यानं २१ जून २०१८ आठवावा. शिवाजीनगरला महापालिकेच्या जुन्या इमारतीशेजारी नवी विस्तारित इमारत झाली होती. उद्घाटनाला उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू आले होते. बाहेर पाऊस आला आणि घुमटाखालच्या नव्याकोऱ्या सभागृहात तो आतही आला. शहराला चोवीस तास पाणी द्यायची योजना तेव्हा गाजत होतीच. तिची सुरुवात अशी घरापासून होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ठेकेदाराला काही वर्षं आपल्या कामातले दोष स्वखर्चानं दुरुस्त करावे लागतात, त्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. अनेक कामांत दोष हा कालावधी संपायची वाट पाहत दबा धरून बसतो. इथे तो पहिल्याच दिवशी, राजशिष्टाचार पाळून, उपराष्ट्रपतींसमोर हजर झाला. त्या इमारतीनं कागदोपत्री सगळे टप्पे पार केले असणार. फाइल गळत नव्हती, छत गळत होतं. आपण पैसे दोन्हीचे देतो, पण तपासणी कडक होते ती फाइलची.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. पूर्वीही होतं, पण विचारणारा एखादा असायचा. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते स्वतः ठेकेदारही होते. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ ही त्यांची कंपनी, आणि येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा ही कामं तिच्या नावावर सांगतात. म्हणजे बिल कसं होतं आणि काम कसं होतं, दोन्ही त्यांना आतून माहीत. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधात एकच मत पडलं, ते जोतिरावांचं. मंडईच्या इमारतीवर लाखो रुपये घालण्यालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा शाळांना द्या, असं त्यांचं म्हणणं. मंडई १८८६ मध्ये झालीच, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला ज्यांचा विरोध होता त्या फुल्यांचंच नाव लागलं. खर्चाला विरोध करणाऱ्याला याहून मोठी शिक्षा पुणे शहर देऊ शकलं नसतं. ते नाव आता शोभतं, ही गोष्ट वेगळी.

जोतिरावांसारखा माणूस दर पाच वर्षांनी मिळत नाही, म्हणून नियम करावे लागतात. एक भानगड झाली की एक अट वाढते. कुणी पाकीट पळवलं म्हणून ई-निविदा, कुणी निकृष्ट काम केलं म्हणून त्रयस्थ तपासणी, कुणी फार स्वस्तात भरलं म्हणून जादा अनामत. प्रत्येक अटीमागे एक खरा चोर आहे. पण अटी साचत जातात आणि चोर अभ्यास करत जातो. शेवटी सगळ्या अटी पुरवू शकेल इतका वेळ, माणसं आणि वकील त्याच्याचकडे उरतात. कसब्यातला एखादा सचोटीचा वेल्डर उत्तम बाकडं करून देईल, पण त्याच्याकडे तीन वर्षांचे ताळेबंद नसतात. त्याच्याकडे फक्त वेल्डिंग असतं.

आणि महापालिकेला नावं ठेवणाऱ्या आपण तरी काय करतो? आमच्या सोसायटीची गच्ची गळत होती. सर्वसाधारण सभेत ठरलं, तीन कोटेशनं मागवा. सेक्रेटरींनी मागवली आणि सभेपुढे ठेवली.

“सगळ्यांत कमीवाल्याला देऊन टाका,” तळमजल्यावरचे काका म्हणाले.

“एवढ्यात त्याला परवडतं कसं? माल हलका घालणार तो,” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

“मग मधल्याला देऊ.”

“मधल्यालाच का? सेक्रेटरीसाहेब, तुमच्या ओळखीतला आहे का हो?”

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, एका नोटेचा फरक नाही. ते ताडकन उठले आणि राजीनामा देतो म्हणाले. राजीनामा एकमतानं नामंजूर झाला, कारण ते पद दुसऱ्या कुणाला नको होतं. नवी कोटेशनं मागवायचं ठरलं. तेवढ्यात पाऊस आला. चौथ्या मजल्यावरच्यांच्या पलंगावर धार लागली तेव्हा खजिनदार कुणाला न विचारता स्कूटर काढून बोहरी आळीत गेले, जाड ताडपत्री आणली आणि वॉचमनला घेऊन स्वतः गच्चीवर बांधली. गळती थांबली.

पुढच्या सभेत पहिला प्रश्न तोच आला. “खजिनदारसाहेब, ताडपत्रीची तीन कोटेशनं कुठे आहेत?” त्यांच्याकडे एकच बिल होतं. भाव रास्त होता, माल चांगला होता, हे सगळ्यांनी मान्य केलं. तरी इतिवृत्तात लिहिलं गेलं की ही खरेदी कार्यपद्धती सोडून झाली असून यापुढे असं होऊ नये. खजिनदारांनी मान डोलावली. यापुढे तसं होणार नाही. पुढच्या पावसाळ्यात ते तीन कोटेशनं घेतील, दोन सभा होऊ देतील, चौथा मजला भिजेल, आणि त्यांना कुणीही, काहीही विचारणार नाही.